संगीत 'खेळकर' असतं का?

पानगळ: १९६६ ते १९६८ मधल्या 'बॅटमॅन' या अमेरिकी मालिकेच्या संगीतावरचा लेख मराठीत आणते आहे. त्यात 'प्लेफुल इन्स्ट्रुमेंटल' पुन्हा पुन्हा येतं. मी 'खेळकर वाद्यसंगीत' लिहिलं. संपादक म्हणतात, माणूस खेळकर असतो, संगीत नाही. मला पटत नाही.

वाटसरू: मलाही नाही. 'खेळकर शैली' आपण सर्रास म्हणतो. तरी मी 'अवखळ' घेईन. इथे अमेरिकेत मुलीच्या शाळेच्या बँडने ती शीर्षकाची चाल वाजवली होती. अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकणारा गिटारचा तुकडा सुरू झाला आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.

टिपरी: अवखळ नको! आमची आजी ओढ्याला अवखळ म्हणायची, नाहीतर दाव्याला हिसके देणाऱ्या कालवडीला. ज्याला खळ, म्हणजे थांबणं, नाही ते अवखळ. ही चाल तर बारा आवर्तनांच्या ब्लूजमध्ये घट्ट बांधलेली आहे.

जुनी तबकडी: 'अव' म्हणजे 'नाही' कुठून आलं? अवतार, अवरोह, इथे तर 'खाली'. आणि दोन माणसांची कामं एक करू नका. शीर्षकाची चाल नील हेफ्टी यांची. पहिल्या दोन पर्वांतलं प्रसंगांचं संगीत नेल्सन रिडल यांचं, ज्यांनी अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राच्या गाण्यांचं संयोजन केलं. बॅटमॅन झालेला अॅडम वेस्ट कितीही हास्यास्पद प्रसंगात चेहरा गंभीर ठेवतो, आणि हसणं वाद्यांवर सोपवलेलं असतं. त्याला 'मिश्कील'च म्हणायचं.

टिपरी: मिश्कील हा 'मुश्कील'चाच भाऊ दिसतो. आपला शब्द असताना उसना कशाला?

जुनी तबकडी: 'चेहरा' काढून दाखवा आधी मराठीतून. शब्द तोंडात रुळला की आपला.

वाटसरू: 'वाद्यसंगीत'ही जड वाटतं. 'धून' म्हणा.

टिपरी: धून सतारवादक मैफलीच्या शेवटी वाजवतात. इथे तर 'बॅटमॅन' हा शब्द चक्क गातात. मग वाद्यसंगीत तरी कसं?

जुनी तबकडी: तरीही त्या चालीला ग्रॅमी मिळालं ते वाद्यरचनेसाठीचंच, १९६७ साली. एक शब्द सतत घोळवला की त्याचा अर्थ मागे पडतो, उरतो नाद. तराण्यात आपण हेच ऐकतो.

टिपरी: तराण्याशी तुलना नको. त्यात लय-बोलांची केवढी कारागिरी असते!

पानगळ: पण 'प्लेफुल'चं काय? उद्या लेख द्यायचा आहे.

वाटसरू: टिपरी, अशा कालवडीला आमच्या भागात 'उंडगी' म्हणतात. तुमच्याकडे हा शब्द आहे का?