पबमधलं पैसेवालं गिऱ्हाईक आवरत नाही, काय करू?

रात्रपाळीवाला: पुण्यात एका पबात फ्लोअर मॅनेजर आहे, दर शनिवारी एका बिल्डरचा पोरगा येतो, लाखभर उडवतो आणि चढली की वेट्रेसचा हात धरतो, बाऊन्सरला शिव्या घालतो. मालक म्हणतो सांभाळून घे. पोरी रडतात हो, कसं सांभाळू?

बारवाले_काका: आधी दारू थांबव भाऊ. त्याच्याशी वाद नको, सोबतचा जो शुद्धीत असेल त्याला बाजूला घे, बिल मिटव आणि गाडी त्याच्या हातात जाणार नाही एवढं बघ. बाऊन्सरला हात उचलू देऊ नको, केस उलटी तुमच्यावरच येते.

स्नेहा_के: हात धरणं म्हणजे विनयभंग आहे दादा!! सरळ ११२ लावा, सीसीटीव्ही फुटेज त्याच रात्री कॉपी करा नाहीतर काही दिवसांनी त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. आणि मुलीला विचारा तक्रार द्यायची का, तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

कॅम्पकर: मालकाला कल्याणीनगर आठवून द्या. मे २०२४ ला तिथे एका अल्पवयीन पोराने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला तेव्हा त्या पोराला दारू दिली म्हणून पबला सील लागलं, आणि अटकेत मालकाबरोबर मॅनेजर पण होते. म्हणजे तुम्ही.