मदत हवी आहे: शिरूर तालुक्यातली लहान मुलीची कबर (१९१८) आणि आईचं आजोळ

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहते. आईचं आजोळ शिरूर तालुक्यातलं, ख्रिस्ती. तिथे गावाबाहेरच्या दफनभूमीत एका लहान मुलीची कबर आहे. त्यावरचं वडिलांचं नाव आणि आडनाव थेट माझ्या पणजोबांचं. पण आजी तर कायम म्हणायची, घरात मीच थोरली. मग तिच्याआधी एक बहीण होऊन गेली आणि तिचं नाव पुन्हा कुणी काढलंच नाही, की त्याच नावाचे दुसरेच कुणी गृहस्थ होते? आई आता पंचाहत्तरीला आली. ती आहे तोवर हे कळावं अशी फार इच्छा आहे.

दगड काळा, गुडघ्याएवढा, वेड्या बाभळीच्या आड. खडू किंवा तारेचा ब्रश लावला नाही. नुसतं पाणी शिंपडून अंधार पडताना बॅटरी आडवी धरली, तेव्हा कुठे अक्षरं उठली. मुलीचं नाव, ‘वय ४ वर्षे’, ‘आक्टोबर १९१८’, ‘मार्क १०:१४’ (बायबलमधलं ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे वचन). शेवटची ओळ मातीत गेली आहे. ती पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय उकरणार नाही.

ऑक्टोबर १९१८ म्हणजे मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. त्या वर्षी पाऊसही पडला नव्हता. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. माती द्यायला माणूस मिळत नसताना चार वर्षांच्या पोरीसाठी दगड कोणी घडवून घेतला असेल? मला वाटतं तो मागाहून, हाताशी चार पैसे आल्यावर बसवला. शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं आणि पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते असं घरात बोललं जायचं, त्यामुळे हे पटतं.

आता अडलंय ते असं. तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, यात १९१८ च्या मृत्यूची नोंद मिळू शकते ना? ज्यांनी शिरूरच्या अभिलेख कक्षातून इतकी जुनी नक्कल काढली असेल त्यांनी अर्ज कसा केला ते सांगावं. नोंद मोडी लिपीत निघाली तर वाचून देणारं कोणी आहे का? कारणाच्या रकान्यात नुसतं ‘ताप’ असेल याची तयारी आहे, मला बापाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण हवं आहे.

दुसरं, मिशनच्या मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्च, पुढे १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये आल्या. मिशनच्या काळातली बाप्तिस्म्याची आणि दफनाची रजिस्टरं शिरूरलाच राहिली की अहमदनगरला गेली? मुलीचा बाप्तिस्मा १९१४ च्या आसपासचा असणार. त्यात आईचं नाव सापडलं तर प्रश्नच मिटला, कारण पणजीचं नाव आम्हाला पक्कं ठाऊक आहे. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे १९१८-१९ चे अंक कुठे बघायला मिळतील तेही सांगा, त्यात मंडळ्यांच्या बातम्या असायच्या.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या दफन नोंदी कृपया सुचवू नका. त्या मुख्यतः गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत. शिरूरच्याच कर्नल वॉलेसचं १८०९ चं थडगं गॅझेटियरात सापडतं, आमच्या मास्तरांची लेक तिथे कुठून सापडणार.

नाव आणि गाव इथे उघड लिहीत नाही, त्या भागातलं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दगडाचे फोटो पाठवते.