‘पुरी सोडा’ म्हणाले, आम्ही थांबलो : पर्यटकाने निवारा केंद्रातली जागा अडवावी का?

शाहूपुरीची सून

उन्हाळी सुट्टीची बुकिंग सुरू झालीत म्हणून हा विषय काढते. माझं मत आधीच सांगते. वादळाच्या आधी प्रशासनाने ‘पर्यटकांनी निघावं’ म्हटलं की पर्यटकाने निघावं. पैसे बुडाले तरी, दर्शन राहिलं तरी. ‘निवारा केंद्र आहे की, बसू तिथे’ हा हिशोब चुकीचा. आम्ही तो केला होता.

२०१९ सालची गोष्ट. २३ एप्रिलला आपल्याकडचं, कोल्हापूरचं, लोकसभेचं मतदान झालं आणि बोटावरची शाई तशीच घेऊन आम्ही १४ जण पुरी-कोणार्कच्या सहलीला गेलो. सासूबाई तेव्हा ७२ वर्षांच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जगन्नाथाचं दर्शन व्हावं ही त्यांची किती वर्षांची आस. १ मेला हॉटेलात कळलं की फनी चक्रीवादळ थेट पुरीवर येतंय आणि पर्यटकांनी २ तारखेच्या संध्याकाळपर्यंत गाव सोडायचं आहे. हावड्याकडे खास गाड्याही सोडल्या होत्या. आमचे सहल संयोजक म्हणाले, ‘अशी वादळं ऐनवेळी बंगालकडे वळतात. आपलं परतीचं तिकीट ५ तारखेचं आहे, मधला खर्च कोण करणार?’ आम्ही माना डोलावल्या. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

२ तारखेला दुपारी हॉटेलवाल्याने खोल्या रिकाम्या करून घेतल्या, कारण समुद्राच्या बाजूला सगळी काचच होती. आमच्या गाडीचा चालक जवळच्याच गावचा. त्याने गाडी सरळ त्याच्या गावच्या निवारा केंद्रावर नेली.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पक्की काँक्रीटची इमारत, खाली नुसते खांब, समुद्राचं पाणी आलं तर खालून निघून जावं म्हणून. वर मोठा हॉल, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना चढता यावं म्हणून उताराची वाट. एरवी तिथे शाळा भरते. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात १० हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यालगत अशी शेकडो केंद्रं उभी केली. फनीच्या वेळी १० लाखांहून जास्त लोक आधीच हलवले होते.

आम्ही पोचलो तेव्हा हॉल भरला होता. भिंतीकडच्या जागा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दिलेल्या. सासूबाईंना टेकायला काहीतरी हवंच. एका आजीने ते बघितलं, स्वतःची चटई गुंडाळली, हातानेच ‘बसा, बसा’ केलं आणि दाराजवळ जाऊन बसली. मला तेव्हा फक्त बरं वाटलं.

३ तारखेला सकाळी वारा सुरू झाला. साखर कारखान्याचा भोंगा वाजावा आणि थांबूच नये, तसा आवाज. दार दोरखंडाने बांधलं होतं, पण फटीतून पाणी आत येत होतं, नळाच्या तोंडावर बोट धरल्यावर चिळकांडी उडते तसं. ते सगळं त्या आजीच्या पाठीवर. ती पदर पिळायची, परत भिजायची, परत पिळायची. मधेच सगळं शांत झालं. आमच्यातले दोघं फोटो काढायला उठले, तर चालक दार अडवून उभा राहिला. म्हणाला, हा वादळाचा डोळा आहे, आता वारा उलट्या अंगाने येईल. आणि आला.

दोन दिवस भिजवलेले पोहे आणि गूळ. ते आम्ही १४ जणांनी खाल्लं. आम्हाला दोन दिवस आधी सांगितलं होतं, जायला गाडी होती, कोल्हापुरात घर होतं. त्या आजीला दुसरीकडे जायला जागा नव्हती. भिंतीकडची जागा तिची होती.

२०२४ च्या ऑक्टोबरात दाना वादळाच्या आधीही पुरीतल्या पर्यटकांना असंच निघायला सांगितलं होतं. म्हणजे ही वेळ कुणावरही येऊ शकते. तुमचं मत सांगा.

राजारामपुरीचे काका

सूनबाई, तुमची सल कळते. निष्कर्ष मात्र पटत नाही.

‘निघा’ म्हणणं सोपं असतं. ७२ वर्षांची, गुडघे गेलेली बाई घेऊन गर्दीच्या स्टेशनवर जायचं, गाडीत जागा मिळेल की नाही माहीत नाही, मिळाली तरी पुढे हावड्याला उतरून राहायचं कुठे? माझा पुतण्या अमेरिकेत ह्यूस्टनला असतो, त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो. २००५ साली कतरिनानंतर महिन्याभरातच रीटा वादळ आलं. सगळं शहर एकदम रस्त्यावर उतरलं. उन्हात गाड्या तासन्‌तास जागच्या जागी, पेट्रोल संपलेलं. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटली, त्यात २३ जण गेले. त्या पळापळीतच शंभरावर माणसं दगावली. पुढे २०१७ ला हार्वे आलं तेव्हा ह्यूस्टनने शहर रिकामं करायचा हुकूमच काढला नाही. त्यामागे रीटाचा तो अनुभव होता.

तुम्ही पक्क्या इमारतीत होता. सासूबाई सुखरूप घरी आल्या. मग थांबण्याचा निर्णय चुकला कसा?

शाहूपुरीची सून

काका, रीटाच्या वेळी शहरातले लोक आणि बाहेरचे सगळे एकाच वेळी निघाले. पुरीत पर्यटकांना आधी काढायचं कारणच ते होतं, की मागून गावातल्या लोकांना हलवताना रस्ते आणि हॉल मोकळे राहावेत. आम्ही पहिल्या फळीत निघायचं होतं, ते दुसऱ्या फळीच्या जागेवर जाऊन बसलो. १ तारखेला सकाळी निघालो असतो तर सासूबाईंना खुर्चीवरून डब्यापर्यंत नेता आलं असतं.

आम्ही सुखरूप आलो, म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही.

किणीकडचा

ताई, मी शिकल्याला मानूस न्हाई, पर बोलतो. त्या आजीनं जागा दिली ती तिनं आपल्या मनानं दिली. तिचं देनं तुमी ‘आमी हिसकावलं’ म्हनून मोजू नका. तिला कळलं तर वाईट वाटंल.

त्याच वर्साच्या ऑगस्टात आपल्याकडं काय झालं? शिरोलीजवळ हायवेवर पानी आलं आन आमच्या बाजूला ट्रकांची रांग लागली. तामिळनाडूची, राजस्थानची मानसं. रस्ता दिवसच्या दिवस बंद. आमच्या गल्लीतल्या बायकांनी चुली पेटवल्या, भाकरी, झुनका, मिरचीचा ठेचा, सगळं पाटीत घालून हायवेला नेलं. आमची आई त्येंना म्हनायची, ‘खा रं लेकरांनो, तुमची आई तिकडं वाट बघत असंल.’ एका ड्रायव्हरनं तिच्या पायाला हात लावला. कुनीबी म्हनलं न्हाई की ही ओझी कशाला आली. अडल्याला आधार द्यायचा असतो. घेनाऱ्यानं बी मोकळ्या मनानं घ्यावा.

शाहूपुरीची सून

दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

पण त्या ट्रकवाल्यांना दोन दिवस आधी कुणी ‘इथून निघा’ म्हटलं नव्हतं. ते अडकले. आम्ही अडकलो नाही, थांबलो. एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती, ती सांगते. ४ तारखेला आमच्या चालकाने आम्हाला भुवनेश्वरला सोडलं. रस्ताभर झाडं आडवी, जागोजागी पोरं करवतीने फांद्या कापत होती, हाताने ओढून बाजूला करत होती. तोही प्रत्येक ठिकाणी उतरून ओढायला लागायचा. परत गाडीत बसताना त्याच्या तळहाताचं रक्त स्टिअरिंगला लागत होतं. भुवनेश्वरला उतरल्यावर कळलं की त्याच्या स्वतःच्या घरावरचे पत्रे उडाले होते. त्या दिवशी त्याने घरावर ताडपत्री घालायला हवी होती. तो आम्हाला पोचवत बसला.

तेही त्याने आपल्या मनानेच केलं. पण त्याला तशी वेळ आमच्यामुळे आली.

शाळामास्तरीण

मी दोन्ही महापुरांत शाळेतल्या निवाऱ्यावर ड्युटी केली आहे, २०१९ ला आणि २०२१ ला. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पलीकडे गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट, यावरून अंदाज करा.

किणीच्या दादांचं मन मोठं आहे, पण केंद्र मनाच्या मोठेपणावर चालत नाही. ते यादीवर चालतं. किती कुटुंबं, किती लहान मुलं, किती गरोदर बायका, कुणाला साखरेचं औषध लागतं. त्यावरून तांदूळ येतो, पाण्याचा टँकर येतो. आमच्याकडे शेवटी प्रश्न तांदळाचा नव्हताच, संडासाचा होता. दीडशे बायकांना चार संडास. पहाटे तीनला उठून बायका रांगेत उभ्या राहायच्या, काही तर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. त्यात यादीबाहेरची दहा-पंधरा माणसं आली की रांग कुणाची वाढते? ज्या बाईला कुणाला काही सांगता येत नाही, तिची.

सूनबाईंचं बरोबर आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन, निघा म्हटल्यावर जे मुद्दाम थांबतात त्यांच्याकडून केंद्राचा खर्च वसूल करावा. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की पंचगंगा घाटावर पोरंबाळं घेऊन पाणी बघायला जाणाऱ्यांनाही हेच लागू करावं.

राजारामपुरीचे काका

बाई, दंड लावला तर माणसं केंद्रात यायचीच नाहीत. काचेच्या खोलीत लपून बसतील आणि मरतील. केंद्राचं दार सगळ्यांना फुकटच उघडं पाहिजे. यावर मी तरी हटणार नाही.

किणीकडचा

काकांचं खरं हाय. दार बंद करायचं न्हाई.

सहलवाला, महाद्वार रोड

मीच छोट्या सहली नेतो, तेव्हा संयोजकाची बाजू मांडणं माझं काम. सूनबाईंच्या संयोजकाचं मी समर्थन करत नाही. वादळ वळेल असं सांगायचा त्याला अधिकार नव्हता. हवामान खात्याने दिलेला मार्ग फनीच्या वेळी बरोबर निघाला होता.

पण लोकांनीही ऐकावं. मी एकदा कोकणात समुद्र खवळला म्हणून मालवणची बोट रद्द केली, तर सिंधुदुर्ग किल्ला दाखवला नाही म्हणून निम्मे पैसे परत मागितले. हॉटेलचे पैसे मी आगाऊ भरलेले असतात, रेल्वेने गाडी रद्द केली तर तिकिटाचे परत मिळतात, पण आपण आधी निघालो तर परतीचं नवीन तिकीट कुणाच्या खिशातून? ४० माणसांचं तिकीट म्हणजे माझा त्या हंगामाचा नफा संपला. हा प्रश्न सहल निघायच्या आधी सुटला नाही तर ऐनवेळी प्रत्येक संयोजक ‘वळेल, वळेल’च म्हणणार. वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. घाबरलेला असतो.

शाहूपुरीची सून

हे पहिल्यांदाच कुणीतरी सरळ बोललं. दादा, मग आधीच ठरवू या ना. आम्ही तेव्हा माणशी हजार-दीड हजार आनंदाने दिले असते, पण आधी सांगितलं असतं तर. १ मेच्या रात्री जेवणाच्या टेबलावर पैशाचा विषय निघाला आणि सगळे गप्प झाले. त्या गप्प बसण्यात आमची गाडी गेली.

सहलवाला, महाद्वार रोड

माणशी हजार वेगळे ठेवायचे, सहल नीट झाली तर शेवटच्या दिवशी परत. मला चालेल. पावतीच्या मागे छापतो. मजकूर तुम्हीच द्या.

शाहूपुरीची सून

“प्रशासनाने पर्यटकांना गाव सोडायला सांगितल्यास सहल त्याच क्षणी संपेल व सर्वजण मिळेल त्या पहिल्या वाहनाने निघतील. त्यासाठी प्रत्येकी १,००० रुपये वेगळे ठेवले आहेत. वृद्ध व आजारी प्रवासी आधी निघतील.”

राजारामपुरीचे काका

वाहन मिळालंच नाही तर काय, तेही लिहा. “न मिळाल्यास सर्वजण निवारा केंद्रात जातील” असं घाला.

शाहूपुरीची सून

घालते. आणि त्यापुढे, “तिथे भिंतीकडची जागा मागणार नाहीत.”

किणीकडचा

दिली तर घ्या की ओ ताई.

शाहूपुरीची सून

सासूबाईंसाठी घेईन, दादा. दाराजवळ मी बसेन.