भीमाशंकरच्या राईत फिल्मवर सगळी पानं एकाच करड्या रंगाची का येतात?

शेकरू_३५ (प्रश्न)

३५ मिमी एसएलआर, ५० मिमी लेन्स, एचपी५ प्लस (इलफर्डची कृष्णधवल फिल्म) ४०० वर. केशरी फिल्टर कायम लावलेला, मीटर कॅमेऱ्यातलाच, सेंटर-वेटेड (फ्रेमच्या मध्याला जास्त महत्त्व देणारा). डेव्हलपर आयडी-११, १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंशांना १३ मिनिटं.

पावसाळ्यातल्या रोलमध्ये पानं, खोड, शेवाळ सगळं एकाच करड्या लगद्यात. फेब्रुवारीतल्या रोलमध्ये उलट: कवडसे ठार पांढरे, आणि खोडांच्या सावलीच्या बाजूला निगेटिव्ह जवळजवळ कोरी. फिल्टर बदलू, फिल्म बदलू की डेव्हलपिंग?

कांडोळ

आधी तो केशरी फिल्टर काढा. आकाश आणि ढगांसाठी तो उत्तम, पण तुमच्या फ्रेममध्ये आकाश असतंच कुठे? झाडाच्या सावलीच्या बाजूला पोचतो तो मुख्यतः वरच्या फटींतून येणारा आकाशाचा निळसर उजेड, आणि केशरी काच नेमका तोच अडवते. त्यात काही कॅमेऱ्यांचे मीटर तांबड्या उजेडाला फिल्मपेक्षा जास्त संवेदनशील असतात. केशरी फिल्टरमधून मोजलं की त्यांना उजेड भरपूर वाटतो आणि एक्स्पोजर कमी पडतं. फेब्रुवारीतल्या कोऱ्या सावल्यांचं अर्धं कारण बहुधा हेच. फिल्टर लावायचाच असेल तर काढून मोजा आणि हाताने दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

पानं उजळ हवी असतील तर पिवळा-हिरवा, म्हणजे एक्स-झीरो घ्या. साधारण एक स्टॉप खातो. गडद हिरवा दोन स्टॉप खातो, आणि दाट राईत तेवढा मोबदला देत नाही. तिथला उजेड पानांतून गाळून आधीच हिरवा झालेला असतो. खोड, दगड, पान सगळ्यांवर तोच उजेड पडतो, मग हिरवी काच वेगळं काय करणार? उघड्या पानझडी जंगलात मात्र फरक स्पष्ट दिसतो. मार्चमध्ये कोशिंबाला लाल पालवी फुटते. ती हिरव्या फिल्टरने काळवंडते आणि लाल फिल्टरने शेजारच्या हिरव्या पानांपेक्षा उजळ येते.

झोन_तीन

फिल्टरचं पटलं, पण मूळ दुखणं मोजण्यात आहे. पावसाळा आणि फेब्रुवारी या दोन्हींना एकच कृती चालणार नाही.

फेब्रुवारीसाठी: मीटरवर फिल्मचा वेग ४०० ऐवजी २५० ठेवा. तपशील हवाच अशा सगळ्यात गडद खोडाजवळ जा, फ्रेम त्याच्या सालीने भरून टाका (स्वतःची सावली पडू देऊ नका) आणि वाचन घ्या. समजा एफ/८ ला १/८ आलं. मीटर त्या खोडाला मधला करडा करू पाहतोय, पण आपल्याला ते गडद हवंय, म्हणून दोन स्टॉप कमी, म्हणजे १/३०. आता कवडशातल्या पानाचं वाचन घ्या. खोड आणि कवडसा यांत पाच स्टॉपपर्यंत फरक असेल तर नेहमीचं डेव्हलपिंग. सहा असेल तर १३ ऐवजी १० मिनिटं. सात किंवा जास्त असेल तर सरळ ढग येईपर्यंत थांबा. डेव्हलपिंग फार कापून मिळणारा प्रिंट मेलेला दिसतो, हे माझं ठाम मत.

पावसाळ्यात धुक्यात सगळा पसारा तीन-चार स्टॉपमध्ये आटोपतो. तिथे मीटर ४०० वर, डेव्हलपिंग १६ मिनिटं. धुकं फ्रेमभर असेल तर वाचनापेक्षा एक स्टॉप जास्त द्या, नाहीतर मीटर धुक्याचा चिखल करतो. प्रिंटला ग्रेड ४ (जास्त कॉन्ट्रास्टचा कागद) लागली तरी बिघडत नाही.

आणि फ्रेमच्या वरच्या कडेला आकाशाची पांढरी भोकं ठेवू नका. चढावर उभं राहून उताराकडे कॅमेरा वळवला की ती आपोआप जातात.

शेकरू_३५

धन्यवाद दोघांनाही. पण पावसाळ्यातला लगदा नुसत्या १६ मिनिटांनी सुटेल? ओल्या पानांवर सगळीकडे पांढरट चमक असते.

अंजनी

ती चमक म्हणजे पानावर पडलेलं ढगाळ आकाशाचं प्रतिबिंब. डेव्हलपिंग वाढवलं की चमकही तेवढीच वाढेल. इथे पोलरायझर (चकाकी अडवणारा, फिरवता येणारा फिल्टर) लागतो. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत हळूहळू फिरवा; एका ठिकाणी पानं एकदम गडद आणि शिरा स्पष्ट होतील. पण तिथून थोडं मागे या. चमक पूर्ण मारली तर पानांचा आकारच हरवतो, कारण कोणतं पान कुठे कललंय ते ती चमकच सांगते. जाड, तुकतुकीत पानांवर हे फार जाणवतं.

किंमत दोन स्टॉपपर्यंत. दाट राईत ४०० ला एफ/११ वर अर्धा सेकंद येणं नेहमीचं, पोलरायझरसकट दोन सेकंद. त्यापुढे रेसिप्रोसिटी, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते म्हणून वेळ वाढवावी लागते: एचपी५ साठी इलफर्डचा घातांक १.३१ (मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात). म्हणजे दोनाचे अडीच, चाराचे सहा, आठाचे पंधरा, दहाचे वीस सेकंद. क्रम चुकवू नका: आधी फिल्टरचे स्टॉप, मग हे गणित. उलट केलंत तर कमी पडेल. ट्रायपॉड आणि केबल रिलीज धरूनच चाला. एफ/१६ च्या मोहात पडू नका, ३५ मिमीवर तिथे धार बोथट व्हायला लागते.

एवढ्या वेळात वाऱ्याने पानं हलणारच. खोड आणि दगड स्थिर असले तर जवळची एखादी फांदी पुसट झालेली चालते, पण मुख्य विषयच फांदी असेल तर पोलरायझर काढून ठेवा.

झोन_तीन

पोलरायझरला +१. एक पुरवणी: आमच्याकडे नळाचं पाणी २० अंशांना क्वचितच असतं. २४ ला १३ मिनिटांची सुमारे ९ होतात, बाकीच्या वेळाही त्याच प्रमाणात कमी करा. मात्र पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, डेव्हलपिंग असमान होतं. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा.

कांडोळ

फ्रिजमधली फिल्म डबी न उघडता तास-दोन तास बाहेर ठेवा. पावसाळी हवेत थंड फिल्म उघडली की तिच्यावर लगेच दव धरतं.