मदत हवी आहे : कासवांच्या कामात इंटर्नशिप, सांगलीहून

नमस्कार मंडळी. पुतणी विश्रामबागला असते, एमएस्सी प्राणिशास्त्र करतेय. तिला कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या कामात दोनेक महिने इंटर्नशिप करायचीय. वेळास, आंजर्ले, गुहागर, कुठंही चालेल. पिल्लं समुद्रात सोडताना फोटो काढून येणं नकोय. पहाटे वाळूवर मादीचा माग शोधायचा, अंडी हॅचरीत (किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या राखीव जागेत) मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात हलवायची, तापमान नोंदवायचं, हे तिला शिकायचंय. (वाळू जास्त तापली की माद्याच जास्त निपजतात म्हणे, हे मला तिनंच सांगितलं!)

अडचण वेळेची आहे. अंडी फुटायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, म्हणजे जानेवारी ते मार्च तिथं हवं, आणि नेमकं तेव्हाच कॉलेज. अशी इंटर्नशिप कुणाच्या कॉलेजनं क्रेडिटला धरलीय का? अर्ज थेट वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे करायचा की स्थानिक संस्थेमार्फत? कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मधलं, परवानगीशिवाय हात लावता येत नाही, एवढं ठाऊक आहे.

मुलीला घरगुती राहायची सोय कुठं बरी? वहिनींनी आत्ताच बजावलंय, कृष्णेत पोहतेस म्हणून समुद्रात उतरायचं नाही. कराड-चिपळूणमार्गे एसटीनं गेलेल्यांनी प्रवासाचंही सांगा.