थंडीत बोटं पांढरी पडणं
धागाकर्तीने थंडीत बोटं पांढरी का पडतात असं विचारलंय, आणि वर कुणीतरी ‘बोटं पांढरी पडतात म्हणजे रक्त कमी, लोहाच्या गोळ्या घ्या’ असं लिहिलंय. माझ्या मावशीलाही हेच सांगितलं होतं. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या बिचारीने. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली की दोन बोटं खडूसारखी पांढरी, मग निळसर, ऊब मिळाली की लालबुंद आणि ठणका.

याला रेनॉड म्हणतात, म्हणजे गारठ्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली वर्णन केलेलं. तरुण मुलींमध्ये बहुतेकदा निरुपद्रवी असतं, उगाच धसका नको. पण चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, बोटं फुगली, टोकाला न भरणारी जखम झाली, तर स्क्लेरोडर्माची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटून त्वचा कडक होण्याचा आजार) शंका घ्यावीच लागते. मावशीचं बोट फुगून अंगठी शेवटी सोनाराकडे कापून काढली, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही! पुढे संधिवाततज्ज्ञांनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) पाहिलं. केशवाहिन्या फुगलेल्या, मधेमधे गायबच. मग एएनए तपासणी (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठीची रक्ततपासणी) झाली, तीही पॉझिटिव्ह.

धागाकर्तीला विचारायचंय, अंगठाही पांढरा पडतो का? साध्या, म्हणजे मागे दुसरा आजार नसलेल्या प्रकारात तो बहुधा सुटतो.