मदत हवी आहे : पूरकाळातील अनुभवाची आणि नोंदींची माहिती विभागांमध्ये कशी सामायिक करावी?

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका शासकीय कार्यालयात माहिती संकलनाचे काम पाहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु पाणी किती फुटांवर आले की कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या वस्तीतील कुटुंबे आधी हलवावी लागतात आणि जनावरांची सोय कुठे होते, हे 2019 आणि 2021 च्या महापुरात प्रत्यक्ष राबलेल्या कर्मचाऱ्यांनाच नेमके माहीत आहे. त्यांतील काहींची बदली झाली, काही लवकरच निवृत्त होतील. त्यांच्याबरोबर हे ज्ञानही निघून जाईल, याची मला खरी काळजी वाटते.

लेखी नोंदी आहेत, पण त्या निरनिराळ्या विभागांच्या एक्सेल फायलींत, आणि एकाच गावाचे नाव प्रत्येक ठिकाणी वेगळे लिहिलेले. नावाऐवजी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील (केंद्र शासनाच्या गावे व स्थानिक संस्थांच्या अधिकृत सूचीतील) गावाचा संकेतांक वापरावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र जुन्या नोंदींना तो कमी श्रमात कसा जोडावा?

अनुभवी कर्मचाऱ्यांच्या मुलाखती कोणत्या साच्यात नोंदवाव्यात, म्हणजे नव्या माणसाला ऐन पावसाळ्यात त्या शोधता येतील? तसेच माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार माहिती स्वतःहून प्रसिद्ध करताना कुटुंबांचे खासगी तपशील वेगळे कसे ठेवता? शासनात किंवा मोठ्या संस्थेत असे काम केलेल्यांनी आपली पद्धत, शक्य असल्यास कोऱ्या तक्त्याच्या नमुन्यासह, कृपया कळवावी.